पूर्वीचं नाव

बाई, डोळ्याचं ऑपरेशन होऊन मला पुन्हा नीट दिसायला लागलं आणि त्यातूनच ही पंचाईत उभी राहिली. सावंगीच्या दवाखान्यात एका कोवळ्या डॉक्टरणीनं पट्टी काढली आणि म्हणाली, "आजी, आता सुईत दोरा ओवाल." मी म्हटलं, ओवीन की. पिपरीला लेकाच्या घरी आले, तर तिसऱ्याच दिवशी नवे पाळकसाहेब दारात. तिशीचेही नसतील. आपल्या देवळाची स्मरणिका काढायची आहे म्हणाले, आणि तिच्यात 'ती गोष्ट' हवी, तुमच्याच हातची, कारण तेव्हा तिथं असलेलं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. सोबत बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स आणली होती. मोतीबिंदू होता तोवर मी सरळ सांगितलं असतं, बाबा, मला दिसत नाही. आता काय सांगू? आठ दिवस कागद पुढे घेऊन बसते आहे आणि स्मरणिकेसाठी एक ओळ उतरत नाही. उतरतं आहे ते हे.

ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे; तुम्हीच ती पहिल्यांदा देवळात उभं राहून सांगितलीत. गावाबाहेरच्या टोलीवरची एक गोंड बाई बाप्तिस्म्याच्या तयारीत होती. मंडळीच्या पंचांनी तिला वर्षभर थांबायला सांगितलं. उन्हाळ्यात ती मरणाला टेकली तेव्हा तेव्हाचे पाळकसाहेब गावोगावच्या फेरीवर होते, तुम्ही नागपूरला गेला होतात, आणि एकवीस वर्षांच्या एका मास्तरणीनं धीर करून स्वतःच्या हातानं तिला पाणी घातलं. मरता मरता तिनं नवं नाव म्हणून तुमचंच नाव मागून घेतलं. ती मास्तरणी मी. बाई, त्या गोष्टीतलं ऊन खरं आहे, मरण खरं आहे. पाणी खोटं आहे. मी तिला बाप्तिस्मा दिला नाही. तिनं मागितला आणि मी दिला नाही, असं आहे ते.

तुमचा बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग मला आजही डोळ्यांपुढे जसाच्या तसा दिसतो. दिवेलागणीची वेळ, तुमच्या घराची शेणानं सारवलेली ओसरी, आत चुलीवर बेसनाचं चून रटरटतं आहे आणि बाहेर पाच-सात बायका, दोन-तीन पुरुष, दिवसभर कापूस वेचून किंवा सरकी काढायच्या जिनात राबून आलेले. तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या. दातांना मिश्री लावलेली असायची आणि पाळकसाहेबांची सायकल वाजली की घाईनं चूळ भरायच्या. ते पाहून मी मनातल्या मनात नाक मुरडायची. मी बायबल शिकून तुमच्या हाताखाली आले होते, माझा आजा ख्रिस्ती झालेला, माझ्या घरात मिश्री नव्हती. ओसरीवरच्या कोणालाच वाचता येत नसे, म्हणून तुम्ही प्रत्येकाला सुताची एक दोरी द्यायच्या, दहा गाठी मारलेली. एक गाठ म्हणजे एक आज्ञा. "कापूस वेचताना कमरेले बांधजा," म्हणायच्या, "हात रिकामा झाला का गाठ धरा आन् म्हना." आठव्या गाठीला ओच्यात लपवलेल्या बोंडांचं उदाहरण असायचं आणि सगळे हसायचे. नववी गाठ खोट्या साक्षीची. तिथं कोणी हसत नसे, कारण टोलीवरच्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी मालगुजाराच्या दबावाखाली कोर्टात खोटी साक्ष दिलेली होती.

आज्ञांशिवायही बरंच असायचं तुमच्या वर्गात. देवळात कुठं बसायचं, सलाम कसा करायचा, मूल रडलं तर लाजून घरी पळायचं नाही, दळणाआधी मूठभर ज्वारी प्रभूसाठी मडक्यात टाकायची. आणि एक दिवस तुम्ही हेही शिकवलंत, की माणूस मरणाच्या दारात असेल आणि पाळक जवळ नसेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालू शकतो. "पानी कोनत्याबी विहिरीचं चालते. हातबी कोनाचाबी चालते. शब्द तेवढे त्याचे पायजेत." ते ऐकताना ती पुढेच बसली होती. तिचं लक्ष होतं.

ती म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको, पण मला लिहिताना पुन्हा पाहायचं आहे. पंचविशीची असेल. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, हसली की आधी तो दिसायचा. नवरा वणीकडे खाणीत गेला तो परत आला नाही. मुलगी होती दीड-पावणेदोन वर्षांची, ती देवीच्या साथीत गेली. टोलीमागच्या मोहाखाली तिला पुरलेलं होतं. एकदा तुम्ही स्वर्गाबद्दल बोलत होतात, तिथं रडणं नाही, तहान नाही, वगैरे, आणि ती मध्येच म्हणाली, "बाई, माही पोरगी तिथं हाय का नाई? तिच्या डोक्यावर तं कोनी पानी घातलं नोतं."

मला उत्तर पाठ होतं. दोन उत्तरं पाठ होती, खरं म्हणजे. मी तोंड उघडणार इतक्यात तुम्ही म्हणालात, "मले मालूम नाई, माय."

तुम्ही पुढे म्हणालात, "मी रोज विचारतो त्याले. तूबी विचार." ती मान हलवून म्हणाली, "विचारीन. पन ती तिथं नसन तं मी येऊन काय करू?" तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात, आणि त्या संध्याकाळी वर्ग संपल्यावर तिला आत नेऊन चून-भाकर वाढलीत. मी ओसरीवर कंदिलाची काच पुसत बसले. मला तिचा राग आला होता, बाई. आज या वयात लाज वाटत नाही म्हणून लिहिते, मला मत्सर वाटला. मी तुम्हाला अख्खी स्तोत्रं तोंडपाठ म्हणून दाखवायची तेव्हा तुम्ही "बरं" म्हणायच्या. तिनं एक अडाणी प्रश्न विचारला आणि तुम्ही तिला चुलीपाशी नेलंत.

मग ईस्टरआधीची ती परीक्षा. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि मिशनचे लोक गरिबांना बाटवतात का, याची सरकारी चौकशी त्या सुमारास गावोगाव फिरत होती. पंच घाबरलेले होते. कच्चं माणूस एकही घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. देवळात टेबलामागे पाळकसाहेब आणि तीन पंच, बाजूच्या बाकावर तुम्ही आणि मी, आणि एकेक जण पुढे येतो आहे. तिनं प्रभूची प्रार्थना म्हटली, न अडखळता. विश्वासांगीकारात एकदा चुकली, स्वतःच सावरली. पाळकसाहेब हसून म्हणाले, ठीक आहे. तेवढ्यात मी म्हणाले, "साहेब, तिची दोरी बघा."

मला आठवड्याभरापूर्वी दिसली होती ती. दहाव्या गाठीनंतर बोटभर जागा सोडून आणखी एक गाठ. मोठ्या पंचांनी दोरी हातात घेऊन मोजली. म्हणाले, "आज्ञा किती?"

"दहा."

"मंग अकरावी गाठ कशाची हाय?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माह्या पोरीची. दहा देवाच्या म्हनतो, मंग तिचं नाव घेतो. दहा त्याच्या, एक माही. त्यात देवाचं काय गेलं?"

पाळकसाहेबांना ते वाईट वाटलं नसावं, पण पंचांना वाटलं. मेलेल्यांची पूजा अजून सुटलेली नाही, असा निकाल झाला. पुढच्या ईस्टरला पाहू. ती दोरी परत घेऊन कमरेला बांधत बाहेर गेली. आपण दोघी घरी परतलो. दारात पोचल्यावर चप्पल काढता काढता म्हणालात, "दोरी तिची होती. तू काऊन हात लावला?" मी म्हटलं, मी हात नाही लावला, फक्त सांगितलं. तुम्ही आत निघून गेलात. तुमचं मला रागावणं एवढंच, आयुष्यात एकदाच, आणि ते मला अजून पुरतं आहे.

मे महिना. तुम्ही बायकांच्या सभेसाठी नागपूरला. तिला दोन दिवस ताप होता, तरी तेंदूपत्ता तोडायला गेली आणि ऊन लागून पडली. शेजारची एक म्हातारी मला बोलवायला आली, कारण तुमच्या घराला कुलूप होतं. मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. कारंज्याच्या दवाखान्यात न्यावं म्हणून मी दोन घरी बंडी मागितली. त्या उन्हात बैल जुंपायला कोणी धजेना. मग मी तिथंच बसले. म्हातारीनं तळपायांना कांदा चोळला, कैरी भाजून पाजली. मी पदराचा तुकडा फाडून, गडव्यातल्या पाण्यात भिजवून तिच्या कपाळावर, टाळूवर ठेवत होते. दुपारी म्हातारीला मी सडकेवर पाठवलं, नागपूरची मोटार आली की तुम्हाला थेट इकडे घेऊन यायला. झोपडीत आम्ही दोघीच उरलो.

तिनं डोळे उघडले. पूर्ण शुद्धीवर होती, यात मला कधी शंका वाटली नाही, आणि वाटून घ्यायची कितीदा इच्छा झाली तरी वाटली नाही. म्हणाली, "बाई आल्या का?"

"येतात. दुपारच्या मोटारीनं."

"मले नाई वाटत भेट होईन म्हनून. तूच घाल ना पानी. बाईनं सांगतलं होतं, कोनीबी घालू शकते."

गडवा माझ्या हातात होता, बाई. अर्धा भरलेला. शब्द मला लहानपणापासून पाठ. आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला आज सांगते, माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. मी म्हणाले, "पंचांनी पुढच्या ईस्टरला सांगितलं आहे."

ती हसली. तो अर्धा दात दिसला. "तवरोक कोन राह्यते?" म्हणाली. मग थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मी काही करते का म्हणून. मला वाटत होतं, पंच विचारतील, कोणाच्या हुकमानं घातलंस? मला वाटत होतं, मीच तिला अडवलं आणि आता मीच पाणी घातलं तर मी तेव्हा चुकले असं होईल. आणि मला हेही वाटत होतं की ती मरणार नाही, इतक्या सहज कोणी मरत नाही, तुम्ही याल आणि जे करायचं ते कराल. हे सगळं वाटायला असा कितीसा वेळ लागतो? पण तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. ती म्हणाली, "मंग पाज तरी." मी चमच्यानं पाणी पाजलं. तीन-चार चमचे प्यायली. नंतर कमरेची दोरी चाचपून ती हातात घेतली आणि गाठी धरायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी गाठी मोजत होते. मोजायची सवयच मला. नवव्या गाठीवर तिचं बोट बराच वेळ राहिलं, निदान मला तसं वाटलं. मग दहावी. मग ती मोकळी बोटभर जागा. अकराव्या गाठीवर तिनं मुलीचं नाव घेतलं, ते मात्र ऐकू आलं. त्यानंतर बोट हललं नाही.

तुम्ही आलात तेव्हा साडेचार झाले असतील. धुळीनं भरलेल्या, धापा टाकत. आत येऊन खाली बसलात, तिच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि हात ओला झाला. केस ओलेच होते. मी दिवसभर पट्ट्या ठेवत होते ना. तुम्ही ओल्या हाताकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि तुमचा सगळा चेहरा उजळला. "घातलं ना पानी तू? घातलं ना, पोरी?"

मी "हो" म्हणाले.

"नाव काय देल्लं?"

आता नाव कुठून आणू? तोंडातून निघून गेलं, "तुमचं. तिनंच मागितलं." तुम्ही तिच्या छातीवर डोकं टेकून रडलात. मी तुम्हाला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठच्या आपल्या दफनभूमीच्या फाटकात मोठे पंच आडवे उभे. थांबवलेल्या बाईला इथं जागा नाही म्हणाले. आणि माझ्याकडे पाहून, पाणी घालायचा हुकूम या पोरीला कोणी दिला? तुम्ही तेव्हा पदर खोचून त्यांच्या अंगावर गेलात. "मरनाच्या दारात हुकूम कोनाचा लागते? तुमचा? पोरीनं जे केलं ते तुम्ही केलं असतं का?" पाळकसाहेब फेरीवरून तसेच सायकलवर आले, तुमचं ऐकलं, माझ्याकडे वळून एकदाच विचारलं, "खरं?" मी पुन्हा "हो" म्हणाले. फाटक उघडलं. तिला आंघोळ घालताना तुम्ही ती दोरी तिच्या मनगटाला गुंडाळली होती, अकराच्या अकरा गाठींसकट. मी पाहत होते हे तुम्हाला कळत होतं, पण तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. रविवारी पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावून माझ्यासाठी प्रार्थना केली. आणि तुम्ही मला तुमचा पितळी गडवा दिलात, फेरीवर नेत असायच्या तो. "आता हा तुयाजवळ राहू दे." तो अजून आहे, बाई. सून त्यात मनीप्लांट ठेवते. मी दर रविवारी त्याचं पाणी बदलते.

सांगायची संधी आली नाही असं मी म्हणणार नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तुम्ही मिशनच्या दवाखान्यात शेवटच्या खाटेवर होतात. मी दोन लेकरांची आई झाले होते. तुमचे उरलेसुरले केस विंचरत होते. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "माह्या नावाची माह्या आंधी गेली. वाट पाहून राह्यली असन. गेल्यावर पयले तिलेच विचारीन, पोरगी भेटली का म्हनून." फणी माझ्या हातात थांबली. तुम्ही म्हणालात, "थांबू नको, बरं वाटून राह्यलं." मी विंचरत राहिले. म्हटलं, शांतपणे जाऊ दे यांना. पण तुमच्यासाठी गप्प राहिले हे निम्मंच खरं. तुमच्या डोळ्यांतली ती मास्तरणी मला मरू द्यायची नव्हती. त्यानंतर कितीदा तरी स्वप्नात तुम्ही दोघी एका ओसरीवर बसलेल्या दिसता, एकाच नावाच्या. तुम्ही तिला काहीतरी विचारता, ती हसून माझ्याकडे बोट दाखवते, आणि तुम्ही वळायच्या आत मी जागी होते.

हे पत्र मी या नव्या पाळकसाहेबांना देणार नाही. त्यांना काय द्यायचं ते अजून ठरत नाही. अडलं आहे ते भलत्याच जागी. त्या झेरॉक्सवर तिची ओळ आहे: तारीख, नवं नाव म्हणून तुमचं नाव, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या जागी माझं. आणि 'पूर्वीचं नाव' या रकान्यात काहीच नाही. त्या सकाळच्या गडबडीत राहून गेलं असेल. "आजी, तेवढं मूळ नाव सांगा, कंसात टाकतो," ते पोरगेलेसे पाळक म्हणाले, चहाचा कप हातात घेऊन. मी म्हटलं, आठवून सांगते.

आठ दिवस आठवते आहे. तिचा दात आठवतो, हनुवटीवरचे तीन ठिपके आठवतात, शेवटी घेतलेलं मुलीचं नाव आठवतं. कबरीवर दगड आहे, पण त्यावर तुमचं नाव आहे, मी घातलेलं. तिचं काही आठवत नाही. वर्गात ती उशिरा आली की तुम्ही ओसरीवरून तिला हाक मारायच्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो, पण तुम्ही काय म्हणायच्या ते येत नाही. बाई, मी तिला नावानं कधी हाक मारलीच नव्हती. दीड वर्ष मी तिला 'ओ टोलीवाली' म्हणत होते. त्या दुपारी तिचे डोळे मिटायला लागले तेव्हा तिला जागं ठेवायला मी दोनदा हाक मारली, तीही तीच.